अर्ची परत का आली?

'सैराट' आठवायला सांगितला की बहुतेकांच्या तोंडून दोन गोष्टी निघतात, 'झिंगाट' आणि शेवट. मग कुणी विहीर काढतं, कुणी बुलेट, कुणी सल्या आणि लंगड्या. हैदराबादेत परश्या अर्चीवर हात उचलतो, हे सहसा कुणी काढत नाही. आठवण करून दिली तर म्हणतात, "हां, मारतो ना तो तिला मधे एकदा."

मला या 'मधे एकदा'बद्दलच बोलायचं आहे. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ला आला, शंभर कोटींच्या वर गेला. त्याच्याबद्दल जातीच्या, भाषेच्या, संगीताच्या, ग्रामीण सिनेमाच्या अंगाने ढीगभर लिहिलं गेलं. त्यातलं मी जेवढं वाचलं, त्यात ही एक थप्पड बहुतेक वेळा कथानक सांगताना येते आणि तिथेच संपते. खरं तर आपल्याकडच्या तरुण प्रेमकथांमध्ये नेहमी गाळली जाणारी गोष्ट या सिनेमाने गाळली नव्हती. आपण प्रेक्षकांनी ती गाळली.

मध्यंतरानंतरचा भाग आठवून पाहा. चारही गाणी आधीच संपलेली असतात. अजय-अतुलचा तो सगळा वाद्यमेळ मागे गावात राहतो आणि पुढे ऐकू येतात ते झोपडपट्टीतले आवाज, तव्यावरचा चर्र आवाज, न कळणारी तेलुगू. सुमनअक्का त्यांना आसरा देते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. अर्ची, जिने घरी कधी काम केलेलं नाही, कारखान्यात कामाला लागते, भाषा शिकते, चार माणसांत रुळते. आणि परश्याला संशय यायला लागतो. ती कुणाशी हसली, कुणाशी बोलली, एवढीच त्या संशयाची सामग्री. मग तो हात उचलतो. अर्ची निघते, गावाकडे जाणारी गाडी धरते आणि वाटेतून परत फिरते.

ती परत का फिरली, हे सिनेमा सांगत नाही. प्रेम होतं म्हणून, हे उत्तर झटकन सुचतं. ते खोटं नसेलही. पण दुसरं उत्तर त्याच सिनेमात ढळढळीत समोर आहे: ती जाणार कुठे होती? बिटरगावला तिची वाट पाहत तात्या होते आणि प्रिन्स होता. तिकडे जीव जाण्याची भीती, इकडे एक थप्पड. ज्या मुलीपुढे निवडीला एवढंच असतं, तिच्या परतण्याला आपण 'प्रेमाचा विजय' म्हणतो. मला ते पटत नाही.

आता त्या थप्पडेकडे जरा मागून येऊ. 'सैराट'मध्ये तिच्या आधी आणखी एक थप्पड आहे आणि ती सगळ्यांना आठवते. कॉलेजच्या वर्गात शिकवत असलेल्या सरांच्या कानाखाली प्रिन्स वाजवतो, कारण सरांनी त्याला 'तू कोण' असं विचारण्याचं धाडस केलेलं असतं. ती थप्पड पाहताना कुणालाही सांगावं लागत नाही की ही जातीची आणि सत्तेची थप्पड आहे. सर तापट होते का, प्रिन्सच्या मनावर ताण होता का, असले प्रश्न डोक्यात येतच नाहीत. परश्याने मारलं की मात्र लगेच मन कामाला लागतं: बिचारा दमलेला होता, परक्या शहरात होता, असुरक्षित वाटत होतं त्याला. एकाच सिनेमातल्या दोन थपडा. एकीत आपल्याला सत्ता दिसते आणि दुसरीत भावना.

मंजुळेंनी या दोन थपडा एकमेकींच्या उत्तरादाखल रचल्या होत्या की नाही, मला ठाऊक नाही. पण एकदा जोडून पाहिल्या की सुटत नाहीत. गावात अर्ची पाटलाची मुलगी असते. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीतून पोरांना बाहेर काढते आणि परश्याकडे रोखून बघायचं ठरवते तेव्हा नजर त्यालाच खाली घ्यावी लागते. तिच्यातला तो रुबाब आपल्याला फार आवडला, पण त्यातला बराचसा आडनावाचा होता. हैदराबादेत आडनाव गळून पडतं. तिथे पाटील कोण आणि काळे कोण, याचं कुणाला काय! जातीचा तराजू बाजूला झाला की त्याच्याखाली दबलेला दुसरा तराजू दिसायला लागतो आणि त्यात परश्या अचानक जड असतो. ज्याच्यावर आयुष्यभर दुसऱ्यांनी हात उगारले, त्याला हात उगारायला एकच माणूस मिळतं. तीच ती, जिच्यासाठी तो गाव सोडून आला.

आणि परश्या म्हणजे कोण? अभ्यासात हुशार, कविता करणारा, क्रिकेट टीमचा कॅप्टन, मित्रांना जीव लावणारा, मऊ स्वभावाचा. मला सिनेमाची खरी हिंमत इथे वाटते. मारणारा मुलगा दारुडा किंवा गुंड नाही. तुमच्या ग्रुपमध्ये असतो तो आहे. मारतो तो वेगळ्याच जातकुळीचा राक्षस असतो, ही समजूत आपल्या फार सोयीची असते. मग आपल्या मित्राबद्दल काही कानावर आलं की आपण म्हणतो, "छे, तो तसा नाहीये." परश्याही 'तसा' नव्हताच.

याच्या शेजारी २०१९चा 'कबीर सिंग' ठेवला की फरक कळतो. 'अर्जुन रेड्डी' (२०१७) या तेलुगू सिनेमाची ही हिंदी आवृत्ती, दिग्दर्शक तोच, संदीप रेड्डी वांगा. त्या वर्षी सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांपैकी हा एक. यात नायक मुलीला न विचारता तिचं चुंबन घेतो, ती आपली असल्याचं कॉलेजात जाहीर करतो आणि तिच्या घरच्यांनी नकार दिला की तिला थप्पड मारून सहा तासांची मुदत देतो. टीका झाल्यावर वांगांनी एका मुलाखतीत जे म्हटलं, त्याचा मथितार्थ असा होता की, जिथे एकमेकांना थप्पड मारण्याइतकी मोकळीक नाही, तिथे त्यांना भावनाच दिसत नाही. शिवाय थप्पड तीही मारते, हा त्यांचा मुद्दा होता.

या म्हणण्याला नुसतं हसून पुढे जाऊ नये, कारण असं मानणारे ते एकटे नाहीत. आपल्याकडे भावना जितकी खरी तितकी ती हाताबाहेर जाणारच, असा एक पक्का हिशेब आहे. नस कापली म्हणजे खरं प्रेम. रात्रभर तिच्या बिल्डिंगखाली उभा राहिला म्हणजे खरं प्रेम. फोन फोडला, भिंतीवर मूठ मारली, आणि मग तिच्यावर हात टाकला. एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत या. या जिन्यावर चढणाऱ्याची भावना आपल्याला बारीकसारीक दाखवली जाते, तिला पार्श्वसंगीत असतं, क्लोजअप असतो. समोरच्या मुलीला त्या क्षणी काय वाटलं, हे मात्र कॅमेरा विचारत नाही. 'कबीर सिंग'मधली प्रीती सिनेमाभर इतकी गप्प आहे की तिच्या मनात भीती होती का, हे तीन तास बसूनही आपल्याला समजत नाही.

तीही मारते, या मुद्द्याला माझं उत्तर साधं आहे. थप्पड कुणी मारली यापेक्षा तिच्यानंतर कोण घाबरलं, ते बघा. मुलीने मारल्यावर मुलगा उद्या कॉलेजला कोणत्या रस्त्याने जावं याचा विचार करतो का? कपडे निवडताना, मित्राच्या फोटोला लाइक करताना त्याचा अंगठा थबकतो का? एखाद्या मुलाच्या बाबतीत हे होत असेल तर तीही हिंसाच आहे. तेही दाखवा, तेही लिहा. पण 'दोघंही मारतात' एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

'सैराट'मध्ये निदान अर्चीचा चेहरा दिसतो. ती निघून जाते, एवढी हालचाल तिला मिळते. पण तिचं म्हणणं तिथेही ऐकू येत नाही. ते ऐकायचं तर मराठीत तेहेतीस वर्षं मागे जावं लागतं.

विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३चं. नाथ देवळालीकर हे समाजवादी पुढारी, त्यांची पत्नी सेवा सामाजिक कार्यकर्ती. त्यांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचं ठरवते. नाथांना तर हर्षच होतो. आजवर भाषणांतून मांडलेलं घरात घडतंय! अरुण तिला मारतो. ती गरोदर असतानाही मारतो. या नाटकावर दलित विचारवंतांनी टीका केली आणि ती टीका मला आजही महत्त्वाची वाटते. मारहाणीचा सगळा भार एका दलित तरुणाच्या खांद्यावर ठेवून, त्याच्याच तोंडून 'आमच्यात असंच असतं' अशा अर्थाचं बोलणं वदवून घेतलं, की मध्यमवर्गीय प्रेक्षक सुटल्याचा निःश्वास टाकतो: म्हणजे हे 'त्यांच्यात' असतं तर! मारहाण सगळ्या जातींत, सगळ्या घरांत होते, हे त्या प्रेक्षकाला नाटक पुरेसं सांगत नाही. मंजुळे इथे तेंडुलकरांच्या पुढे गेले. परश्या मारतो तेव्हा सिनेमा त्याच्या जातीकडे बोट दाखवत नाही.

पण एका बाबतीत तेंडुलकर पुढे आहेत. शेवटच्या प्रवेशात ज्योती बोलते, भरपूर बोलते. मारणारा अरुण आणि प्रेम करणारा अरुण असे दोन वेगळे करून त्यातला एकच घ्यावा, हे आपल्याला जमत नाही, तो एकच माणूस आहे, असं ती बापाला सांगते. अशा नात्यात राहिलेल्या कुणालाही हे कळेल. बाहेरचे विचारतात, "अगं, मग सोडत का नाहीस?" सोडायचा कोणता? काल रात्री मारणारा की आज सकाळी रडत पाय धरणारा? ज्योतीच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आहे, तिला माझ्या मते त्याहून जास्त वजन आहे. ती परत माहेरी येत नाही, कारण माघार घेऊ नये हे तिला बापानेच शिकवलंय. ती परत आली तर तिचं लग्न मोडेल, आणि बापाची सगळी शिकवणही खोटी ठरेल. एका माणसाशी लग्न करायला गेलेल्या मुलीच्या डोक्यावर एका विचाराची अब्रू सांभाळण्याचं काम येऊन पडलं.

आता अर्ची आणि ज्योती शेजारी बसवा. एकीचं घर मारायला उठलेलं, दुसरीचं घर टाळ्या वाजवणारं. दोघी परत त्याच माणसाकडे जातात. तेंडुलकर आणि मंजुळे यांच्या मध्ये तीन दशकं आहेत, राजकारणही वेगळं आहे, पण गाठ एकच दिसते. घरच्यांविरुद्ध किंवा घरच्यांसाठी, कसंही असो, प्रेम ही एक बाजू झाली की त्या बाजूच्या आत काही बिघडलंय हे बोलायची सोय राहत नाही. बोललं की पलीकडचे म्हणणार, "सांगितलं होतं ना!" बाहेरची हिंसा अशी आतल्या हिंसेला जामीन राहते.

हे समजायला पळून जाण्याचीही गरज नाही. तुमच्या ओळखीतली कितीतरी नाती घरापासून लपवलेली असतील. त्याचं नाव फोनमध्ये मैत्रिणीच्या नावाने सेव्ह केलेलं असतं. क्लासला जाते असं सांगून भेटणं होतं. अशा नात्यात त्याने मनगट पिरगाळलं, तर ती घरी काय सांगणार? आधी नातं सांगावं लागेल, मगच मनगट. नातं सांगितलं की फोन जाईल, कॉलेज बंद होईल, बाहेरगावी शिकायला जाण्याचा विषय संपेल, कदाचित स्थळं बघायला सुरुवात होईल. हे मुलालाही ठाऊक असतं. "घरी सांगू का तुझ्या?" या एका वाक्यात किती ताकद असते, हे ज्यांना ते ऐकावं लागलंय त्यांना विचारा. धमकी देणारा तो असतो. पण धमकीतली धार तिच्या घरच्यांनी लावून दिलेली असते.

भाषेचाही यात हात आहे. मराठीत 'कौटुंबिक हिंसाचार' आहे, 'छेडछाड' आहे, 'एकतर्फी प्रेम' आहे. यातला शेवटचा शब्द तर बातम्यांनी इतका घासला की त्याचा अर्थच उलटा झाला. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला परीक्षा केंद्रात जाळण्यात आलं. २०२०च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीवर भर रस्त्यात पेट्रोल टाकण्यात आलं. तीस वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा 'एकतर्फी प्रेमातून' हा शब्द होताच. म्हणजे प्रेम जाळणाऱ्याच्या खात्यावर जमा. आणि दोन्ही बाजूंनी प्रेम असताना जी मारहाण होते, धमक्या येतात, पाळत ठेवली जाते, तिला काय म्हणायचं? तिला शब्दच नाही. 'त्यांचं आपसातलं भांडण' म्हणतात. आपसातलं म्हटलं की बघणाराही मान वळवायला मोकळा.

कायद्याची गतही फारशी वेगळी नाही. घरगुती हिंसेविरुद्धचा २००५चा कायदा लग्नाशिवायच्या नात्यालाही लागू होतो, पण ते नातं लग्नासारखं हवं आणि घर एकत्र हवं. केवळ शनिवार-रविवार एकत्र घालवणं पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्टच म्हटलं. कॉलेजातली जोडी त्यात कुठे बसणार? मारलं तर इजा केल्याचा साधा गुन्हा आहेच. २०१३ साली पाठलाग हाही वेगळा गुन्हा ठरला (आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे), आणि त्यात एक गोष्ट आहे जी फार कमी जणांना माहीत असते: स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं हेही त्यात येतं. गंमत बघा, पाठलागाला कायद्याने गुन्हा ठरवलं त्याच वर्षी जूनमध्ये 'रांझणा' आला आणि वर्षानुवर्षं मागे लागणारा कुंदन लोकांच्या गळ्यातला ताईत झाला.

फोनवरच्या पाळतीचं तर आपल्या साहित्यात आणि सिनेमात अजून नीट नावही घेतलं गेलेलं नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तली मुलं आणीबाणीच्या काळातली. मुलीच्या मागे जायचं तर जोशीला पायी जावं लागायचं, आणि तो कितीही मागे गेला तरी घराचं दार बंद झालं की ती तिच्या घरात असायची. आता दार बंद होत नाही. पासवर्ड दे, विश्वास आहे ना? लोकेशन चालू ठेव, काळजी वाटते म्हणून. लास्ट सीन दोन वाजताचं, कुणाशी बोलत होतीस? व्हिडिओ कॉल कर आणि खोली दाखव. यातला प्रत्येक प्रश्न काळजीच्या आवाजात विचारला जातो आणि सुरुवातीला तो गोडही वाटतो. 'पझेसिव्ह आहे गं तो,' असं मैत्रिणींना सांगताना थोडा अभिमानही असतो. परश्याचा संशय याच जातीचा होता. त्याच्याकडे फक्त तेवढी साधनं नव्हती.

२०२५च्या अखेरीस आलेल्या राहुल रवींद्रन यांच्या 'द गर्लफ्रेंड' या तेलुगू सिनेमाने यातलं काही पकडलंय. त्यातली भूमा कॉलेजात साहित्य शिकते. विक्रमच्या प्रेमात ती पडते की ओढली जाते, हे तिचं तिलाच नीट सांगता येत नाही. ती त्याच्या आईला भेटते, त्या बाईचं ते दबलेलं गप्प असणं बघते, आणि तिला आपलं पुढचं आयुष्य दिसतं. सिनेमा काही ठिकाणी जास्त समजावत बसतो, पण कॅमेरा तिच्या भीतीजवळ थांबतो. 'अर्जुन रेड्डी' जिथून आला, त्याच भाषेतून हे उत्तर यावं, हे मला बरं वाटलं. मराठीत अशी गोष्ट कुणी सांगितली तर बघायला मी पहिल्या दिवशी जाईन.

'सैराट'बद्दल माझी खरी तक्रार थप्पडेच्या नंतरच्या भागाबद्दल आहे. अर्ची परत येते आणि सिनेमा घाईला येतो. नोंदणी लग्न, मूल, बरे दिवस, नव्या फ्लॅटचं स्वप्न. मधली काही वर्षं एका उडीत पार होतात. परश्याचा संशय गेला कसा? त्याने पुन्हा हात उचलला नाही, हे आपण कशावरून धरतो? तो बदलला असेल तर ते बदलणं हीच मोठी गोष्ट होती. रागाखेरीज दुसरी भावना ज्याला कुणी शिकवली नाही, असा मुलगा 'मला भीती वाटते, तू मला सोडून जाशील' हे वाक्य कसं उच्चारायला शिकतो, हे आपण कुठल्या सिनेमात पाहिलंय? तीन तासांच्या सिनेमात त्याला दहा मिनिटं मिळायला हवी होती. दिग्दर्शकाला शेवटाकडे जायचं होतं आणि त्या शेवटाच्या धक्क्यासाठी जोडपं सुखी दिसणं गरजेचं होतं, हे समजतं. पण त्या गरजेपोटी आतली हिंसा पुसली गेली आणि बाहेरची तेवढी उरली. म्हणून आपल्यालाही 'मधे एकदा' म्हणता येतं.

त्या सुखाच्या दिवसांत अर्ची आईला फोन करते आणि लेकराच्या हातात फोन देते. नंतर आईकडून भेटी घेऊन प्रिन्स येतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र हल्ली त्या फोनशी अडकतो. गाडी धरून निघाली होती त्या दिवशीही अर्चीला हीच आई आठवली असणार. तेव्हा तिने हाच नंबर लावला असता तर पलीकडून कोण आलं असतं, हे शेवटचं दृश्य बघितल्यावर आपल्याला माहीत असतं. अर्चीला ते आधीपासून माहीत होतं.